शिमण्णा पाय बघतो

शिमण्णाला आमच्या गावातली माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत, पायांवरून यायची. समोर कोण आलंय हे बघायचं तर तो मान वर करायच्या ऐवजी खाली घालायचा. आमचे वडील, त्यांना सगळे अप्पा म्हणत, एकदा पायी श्रीशैलला जाऊन आले. दाढी वाढलेली, अंग काळं पडलेलं, डोक्याला मळकं फडकं. दुकानात पाऊल टाकलं तर नोकरानं 'पुढं व्हा बाबा' म्हणून हात हलवला. आईनं तर पदर सावरून पसाभर ज्वारी आणली. शिमण्णा तेवढा पायरीवर बसला होता. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "या अप्पा. डाव्या टाचेची भेग लई वाढली की ओ."

घरच्या माणसांआधी एका किरिस्तावानं ओळखलं, याचा राग अप्पांना बरेच दिवस होता.

गावात शिमण्णाच्या गोष्टी अजून सांगतात. त्या चुकीच्या सांगतात आणि तशा सांगायला शिकवणारा मीच. त्याची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नव्हती. त्या नकलेवर मी लग्नं गाजवली, बैठका हसवल्या, म्हातारपणी नातवंडांकडून वाहवा घेतली. आता हसवायचं वय गेलं. खरं काय होतं ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणतो.

आमचं गाव बेंबळीजवळचं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू, दुकानात मराठी आणि घरात थोडं कानडी, अशी आमची तीन तोंडं होती. शिमण्णाचं खरं नाव शिमोन. पण आम्हा लिंगायतांच्या तोंडात नावाला अण्णा चिकटल्याशिवाय ते नाव पुरं होत नाही, म्हणून शिमण्णा. त्याची आई आमच्याच गावची माळीण. नवरा वारलेला. तिच्या अंगावर रक्तपितीचे चट्टे उठले तेव्हा गावानं तिला वेशीबाहेर काढलं. कडेवरच्या पोराला घेऊन ती मोगलाई ओलांडून सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखात चालत गेली. तिथं मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. ती तिथंच वारली. पोरगं तिथंच वाढलं, किरिस्ताव झालं, रोग्यांच्या जखमा धुवायच्या कामाला लागलं. आणि केस पिकायला लागल्यावर एक दिवस पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन हा माणूस गावात परत आला. आईला जिथून काढलं होतं त्याच वेशीतून.

कशाला आलास, असं पाटलांनी विचारलं. शिमण्णा म्हणाला, "तिकडं समद्यांना पाय बघता येत्यात. हितं कुणालाच येत न्हाय."

 पाटलांनी त्याला माळ्याच्या पडक्या जागेत, लिंबाखाली, खोपट घालायला परवानगी दिली.

आम्ही एकमेकांना भेटलो की 'शरणार्थी' म्हणतो. बाकीचे 'रामराम' म्हणतात. शिमण्णा म्हणायचा, "पाय दाखवा." बाईमाणूस असो, मठाचे स्वामी असोत, त्याचं तेच. कुणी 'माझ्या पायाला काय झालंय' म्हणालं की याचं ठरलेलं उत्तर, "तोंड लबाड असतंय. टाच न्हाय."

एकदा गावात अमीनसाहेब आले. निजामाच्या पोलिसातला अमीन म्हणजे तेव्हा वाघच. घोड्यावरून उतरले, चावडीत खुर्चीवर बसले, सगळं गाव हात जोडून उभं. शिमण्णानं गर्दीतून पुढं येऊन त्यांच्या बुटांकडं बघितलं आणि सांगितलं, साहेब, बूट काढा.  अमीनसाहेबांनी पाटलांना विचारलं, "ये मेरेकू जूते निकालने कू बोल रहा क्या?" पाटील म्हणाले, हुजूर, खुळा आहे, मिशनमधून आलाय. पण शिमण्णा तोवर खाली बसला होता. साहेब घोड्यावरून उतरताना उजवं पाऊल तिरकं टाकतात हे त्यानं बघितलं होतं. बूट निघाला. आत करंगळीच्या बुडाला बोराएवढं कुरूप. शिमण्णानं गरम पाणी मागवलं, कुरूप भिजवलं, खरवडलं, वर मेण लावलं. त्यानंतर अमीनसाहेब या बाजूला आले की आधी लिंबाखाली जात आणि मग चावडीत. चावडीत येईपर्यंत त्यांचा राग बराच उतरलेला असे.

धर्म सांगण्यात मात्र शिमण्णा अगदी कच्चा. मिशनमध्ये एवढी वर्षं राहून त्याला एक गोष्ट धड सांगता येत नव्हती. त्यांच्या प्रभूनं थोड्याशा भाकरी आणि दोन मासे यांत हजारो माणसं जेवू घातली, ही त्याची आवडती गोष्ट. पहिल्यांदा आमच्या दुकानाच्या पायरीवर सांगितली, तेव्हा मासे म्हटल्याबरोबर आमच्यातल्या दोघांनी थुंकून चूळ भरली. शिमण्णाला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी तो म्हणाला, "भाकरी व्हती आन् आणखी एक जिन्नस व्हता." कुणी विचारलं, कसला जिन्नस, पिठलं का? हो म्हणाला असता तर गोष्ट पुढं गेली असती. पण तो गप्प बसला. कारण त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. त्याला खरंच येत नव्हतं, जसं एखाद्याला पोहता येत नाही. एकदा अप्पांनी त्याला सोलापूरहून येताना आपल्या गाडीत घेतलं. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाकेदारानं शिमण्णाच्या मांडीवरची बाटली बघून विचारलं, काय आहे? तेल. कसलं? वास घेऊन बघा. नाकेदारानं बूच काढलं आणि दहा पावलं मागं गेला. एवढ्यावर सुटलो म्हणून अप्पा बैल हाकणार, तेवढ्यात त्यानं लांबूनच विचारलं, गाडीत कापडबिपड नाही ना? अप्पा म्हणाले, नाही. शिमण्णा म्हणाला, "हाय की. कडब्याखाली हाय." त्यानंतर अप्पांनी त्याला पुन्हा कधी गाडीत घेतलं नाही.

तर असा हा माणूस एका सोमवारी अचानक लोकांचे पाय धुवायला लागला.

तोवर नुसता बघत होता. त्या सोमवारपासून लिंबाखाली पितळी घंगाळ, कढत पाणी, कडुलिंबाचा पाला आणि शेजारी पाट. येईल त्याला बसवायचा आणि पाय धुवायचा. तळवा वर करून अंगठ्यानं दाबून बघायचा, मग तेल लावून सोडून द्यायचा. शेतातून येणारी माणसं आधी हसली, मग सवयीनं बसायला लागली. दिवसभर ढेकळं तुडवलेल्या पायाला कढत पाणी कुणाला नको असतं? फक्त घरी गेल्यावर ती माणसं बाटलेले पाय पुन्हा आपल्या पाण्यानं धुवायची. माझी आई तर आमच्यासाठी दारातच तांब्या ठेवायची.

मठाच्या स्वामींना हे पटेना. आमच्यात जंगमाचे, म्हणजे गुरूचे, पाय धुतात, ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. स्वामींनी त्याला विचारलं, आम्ही जंगमाचे धुतो, तू बैलामागच्या गड्याचेही धुतोस, हा काय प्रकार? शिमण्णा म्हणाला, "माज्याकडं जंगम कुठं येतोय? जो येईल त्योच जंगम."

माझी नक्कल याच दिवसांतली. मी तेव्हा अप्पांच्या हाताखाली गल्ल्यावर बसत होतो, मिशीला पीळ द्यायला शिकलो होतो आणि माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. दुकानासमोर गिऱ्हाईक जमलं की मी पाटावर एकाला बसवायचो, त्याचा पाय मांडीवर घ्यायचो आणि नाकातून म्हणायचो, तोंड लबाड असतंय, टाच न्हाय. माणसं पोट धरून हसायची. लिंबाखालून शिमण्णाला ते दिसायचं. तोही हसायचा.

आमच्या घरात गिरिजाआत्या होती. अप्पांची धाकटी बहीण, लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. मला तिनंच वाढवलं. घरचा स्वयंपाक तिच्याकडं होता. सगळ्यांबरोबर तीही रोज लिंबाखाली जायची. तिचं तेवढंच बाहेर पडणं, म्हणून अप्पा काही बोलत नसत.

एक दिवस मी जेवायला आत गेलो. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती, माझ्याशी बोलत होती, माझ्या होणाऱ्या बायकोनं नाक चोंदलेलं असताना गाणं म्हटलं तर कसं म्हणेल ते करून दाखवत होती. मला जळकट वास आला. बघतो तर चुलीतून निसटलेला निखारा तिच्या डाव्या पावलाला टेकलेला होता, करंगळीच्या बाजूला. कातडी जळत होती आणि आत्या हसत होती.

मी ओरडलो. तिनं खाली बघितलं, चिमट्यानं निखारा बाजूला केला आणि पदरानं पाय झाकला. मग मला दार लावून घ्यायला सांगितलं.

तिनं सांगितलं ते असं. दोन पावसाळ्यांपूर्वी ती विहिरीवरून येत होती. शिमण्णा वाटेत बसला होता. त्यानं हळूच हाक मारली आणि विचारलं, अक्का, बाभळीचा काटा रुतलाय, रगत येतंय आणि तुमी लंगडत न्हाय? तिला काटा कळलाच नव्हता. त्यानं तिला जवळ बसवून मोराच्या पिसानं तळवा चाचपला, कुठं कळतं, कुठं कळत नाही. मग डोळे मिटून बसला. रक्तपिती होती. नुकतीच लागलेली, बाहेर काही दिसत नव्हतं. मिशनचं कडू तेल चोळलं, पाय रोज बघितले, जखम होऊ दिली नाही तर बोटं वाचतील, असं तो म्हणाला. पण गावाला कळलं तर आत्याला कुठं ठेवतील हे त्याला सांगावं लागलं नाही. तिला माहीत होतं. त्याच्या आईचं काय झालं ते तिनं लहानपणी वेशीत उभं राहून बघितलं होतं.

आत्या म्हणाली, मी रोज तुझ्याकडं आले तर माणसं विचारतील. तू काय सांगशील?  खोटं तर त्याला सांगता येत नव्हतं.

"आन् सोमवारी बघते तर," आत्या म्हणाली, "समद्या गावाचे पाय धुवायला बसलाय. म्हनला, अक्का, आता कुणी इचारलं तर म्या खरंच सांगीन. समदे येत्यात, अक्काबी येत्यात."

एका बाईचे पाय लपवायला त्यानं गावभरच्या पायांची गर्दी केली होती. आणि त्या गर्दीपुढं मी त्याची नक्कल करत होतो.

त्याच सुमाराला माझं लग्न अणदूरच्या एका घरी ठरत आलं. बोलणी सगळी झाली, आणि मुलीचे मामा म्हणाले, तुमच्या गावात किरिस्ताव पाय धुतो म्हणे. तुमच्या घरचेही जातात म्हणे. पाणी लागलेल्या घरात मुलगी कशी द्यायची? अप्पा घरी आले ते तडक चावडीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. पाटील, स्वामी, अप्पा वर बसलेले. शिमण्णा खाली. मी खांबाला टेकून उभा. आत्या घरी आहे, पण आज तिचा निकाल इथं लागणार, हे तिथं दोघांनाच माहीत होतं. मला आणि शिमण्णाला; मला कळलंय हे आत्यानं त्याला सांगितलं होतं.

पाटलांनी विचारलं, पाय धुऊन माणसं बाटवतोस का? तो नाही म्हणाला. मग कशाला धुतोस? तो म्हणाला, आमच्या प्रभूनं धुतले होते. स्वामींनी विचारलं, कुणाचे, गुरूचे? नाही, शिष्यांचे. स्वामी म्हणाले, हे उलटं आहे. शिमण्णा म्हणाला, व्हय, उलटंच हाय. माणसं हसली. तेवढ्यावर निभावलं असतं. पण अप्पा व्यापारी माणूस, त्यांना हसण्यावारी गेलेला सौदा चालत नसे. त्यांनी सरळ विचारलं, "शिमण्णा, तू महारोग्यांत वाढलास. आमच्या गावात कुणाच्या पायात तुला काय दिसलं का? खरं सांग."

चावडीतल्या प्रत्येकानं पाय धोतराखाली ओढून घेतले.  शिमण्णा खोटं बोलणार नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणूनच अप्पांनी विचारलं होतं.

"दिसलं की," शिमण्णा म्हणाला.

मग तो बोलायला लागला. पाटलांच्या अंगठ्याचं नख आत शिरलंय, म्हणून ते घरात चिडतात, बायकोचा त्यात दोष नाही. स्वामींच्या टाचेत कधीचा सराट्याचा काटा मोडून राहिलाय, खडावा घालून झाकतात. अप्पांच्या बोटांत चिखल्या आहेत आणि दुकानातली जोडी घट्ट होते, पण नोकराला मोठी आणायला सांगायची लाज वाटते. धोंडिबाचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर मोठा. चावडी हसून हसून लोळली. स्वामींनी खडाव काढून तिथंच टाच बघितली. अप्पा लाल झाले, पण पाय बाहेर काढून बसले.

हसणं ओसरता ओसरता मागून कुणीतरी म्हणालं, गड्यांचं झालं, आता बायकांचं सांग. अप्पांच्या घरचं सांग.

शिमण्णानं पहिल्यांदाच मान वर केली आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. "बाईमाणसाच्या पायाची गोष्ट चावडीत बोलायची नसती," तो म्हणाला. "तुमच्या घरात काय पद्धत हाय मला ठावं न्हाय. आमच्या मिशनमदी न्हाय."

 विचारणाऱ्यानं मान खाली घातली. अप्पा स्वतः म्हणाले, बरोबर बोलला तो. आणि विषय मिटला.

निकाल मात्र लागला. शिमण्णानं यापुढं कुणाला पाणी लावायचं नाही. त्यानं हात जोडले, घरी जाऊन घंगाळ पालथं घातलं.

आता आत्याचं काय? तिच्या पायाला रोज कुणीतरी बघायला हवं होतं. तळव्याची कड तिची तिला दिसत नसे. ते काम माझ्याकडं आलं आणि मला ते येत नव्हतं. विचारायला लिंबाखाली जावं तर आता प्रत्येकाची नजर. मी तीन-चार दिवस घाबरत काढले. मग बाजाराच्या दिवशी दुकानापुढं माणसं म्हणाली, होऊन जाऊ दे शिमण्णाची नक्कल. मला नको होतं. पण नाही म्हणायचं धाडस नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो. मी एकाचा पाय मांडीवर घेतला. तर गर्दीतून शिमण्णाच पुढं आला.

"चुकतंय," तो म्हणाला. "घोटा डाव्या हातानं धरायचा. अंगठा हितं दाबायचा, करंगळीच्या बुडाला. तितं आदी सुन्न हुतंय. दाबून सोडलं की रंग माघारी आला पायजे."

माणसांना वाटलं, स्वतःचीच नक्कल सुधारून देतोय, काय खुळा आहे. ती आणखी हसली. त्यानं माझा हात धरून दाखवलं. बोटांच्या बेचक्या कशा उघडायच्या, ओलावा कसा पुसायचा, लाल ठिपका दिसला तर किती दिवस चालू द्यायचं नाही. पुढच्या बाजारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. भर दुपारी, अख्ख्या गावादेखत तो मला शिकवत होता आणि मी त्याची टर उडवतोय असं गावाला वाटत होतं. कडू तेलाची बाटली दुकानाच्या पायरीवर विसरून जायचा. विसरतो, असं तो कधी म्हणाला नाही. नुसता ठेवून जायचा.

माझं लग्न झालं. निजाम गेला. मिशनमध्ये पांढऱ्या गोळ्या आल्या तेव्हा तो चालत जाऊन घेऊन आला आणि आत्याचा रोग जागच्या जागी थांबला. शिमण्णाला मात्र पुढं कुणी विचारलं नाही. पाय कुणी दाखवीना. लिंबाखाली तो एकटा बसलेला असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लांबून बघे. आत्या असेपर्यंत मला बोलता येत नव्हतं. ती गेल्यावर बोलता आलं असतं. पण तोवर नक्कल माझ्या अंगवळणी पडली होती आणि तिच्यावर माणसं हसत होती.

आत्या म्हातारी होऊन, आमच्याच घरात, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. खड्ड्यात उतरून तिला बसवायला मीच होतो. मांडी घातलेली, तळहातावर इष्टलिंग ठेवलेलं. सगळं झालं, माणसं विहिरीकडं आंघोळीला गेली. शिमण्णा बांधापलीकडं काठी टेकून उभा होता. आत यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, नको म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं.

मी जवळ गेलो. त्यानं सवयीनं आधी माझे पाय बघितले.

"बोटं?" त्यानं विचारलं.

"समदी हायेत," मी म्हणालो.

"डाव्या पायाची करंगळी?"

"तीबी हाय, शिमण्णा. म्या स्वतः बसवलं."

तो बांधावर बसला. काठी आडवी ठेवली. मग म्हणाला, त्याची आई मिशनमध्ये वारली तेव्हा तिला झाकायला चादर आणली होती, ती आखूड पडली. पाय उघडे राहिले. पायाच्या जागी जे होतं ते त्याच्यानं बघवलं नाही, म्हणून तो पळून शेतात जाऊन बसला. परत आला तोवर पुरून झालं होतं.

"आता कुणी न्हाय," तो म्हणाला. "अक्काला थोडी माती घालू का?"

मी हात देऊन त्याला बांधाच्या आत घेतलं. त्यानं चपला काढल्या, वाकून मूठभर माती उचलली, ती चाळून तिच्यातले खडे वेचून बाजूला टाकले, आणि मग घातली.